वरची जागा

बोदोमदऱ्यात सनव्बरला तिच्या नावानं हाक मारणारी एकच बाई उरली होती, ती म्हणजे सवरीमो. बाकी सगळ्या गावाची ती मुअल्लिमा, म्हणजे शाळेतली बाई. अर्ध्या गावाला तिनं भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाली तरी तिच्या आवाजातला वर्ग काही सुटला नव्हता. चहा मागतानाही ती हजेरी घेतल्यासारखी बोलायची. सवरीमो तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या गावात आल्या होत्या. त्यांच्या अंगणांमध्ये मातीची एक बुटकी भिंत होती, आणि तंदूरमधली रोटी, वाळवलेले जर्दाळू, सासूबद्दलच्या तक्रारी, सगळं त्या भिंतीवरूनच इकडून तिकडे जायचं.

सवरीमो सांगितलेलं काम अगदी सांगितलं तसंच करायची. गावाच्या लेखी हा तिचा दोष होता. डॉक्टरनं गोळी जेवल्याबरोबर घ्यायला सांगितली, तर शेवटचा घास तोंडात असतानाच ही पाण्याचा पेला उचलणार. लग्नाला दुपारी या म्हटलं, की ही भर दुपारी हजर. यजमानीण तेव्हा अजून केस विंचरत असायची.

"अगं, दुपारी म्हणजे उन्हं कलल्यावर," सनव्बर तिला हसायची.

"मग उन्हं कलल्यावर या, असं म्हणावं माणसानं. मला काय स्वप्न पडतंय?"

गाव ओढ्याच्या दोन्ही काठांना वसलेलं. कर्ते पुरुष बहुतेक रशियात, बांधकामावर. सवरीमोचा नवरा हिकमत आणि मुलगाही तिकडेच. गावात राहिल्या त्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. बर्फ वितळून वर पाऊस झाला की ओढ्याला लोंढा यायचा. त्यात पाणी थोडं आणि चिखल-धोंडेच जास्त. कधी तो कुणाचं कुंपण न्यायचा, कधी एखादी मेंढी. लोक दोन दिवस हळहळायचे आणि नवं कुंपण घालायचे. पण एका वसंतात पलीकडच्या खोऱ्यातलं एक अख्खं गाव असं पुसलं गेलं, की नंतर कुणाची मशीद कुठे होती हेही सांगता येईना. तेव्हा बोदोमदऱ्याची झोप उडाली.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणसं आली. गावोगाव समित्या नेमा, संकट येण्याआधी तयारी करा, म्हणाली. बोदोमदऱ्याच्या समितीचं प्रमुखपद कुणी मागितलं नाही आणि कुणी वाटलंही नाही. ते आपोआपच सनव्बरच्या गळ्यात पडलं. तिलाही मनातून ते हवंच होतं. शाळा सुटल्यापासून तिच्या हुकमांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं.

ओढा आणि डोंगर तपासायला मुनीरा नावाची एक तरुण मुलगी आली. भूगर्भशास्त्र शिकलेली, पायात मोठाले बूट, बोलणं तुटक. ओढ्याच्या उगमापर्यंत ती चढून गेली, जुने धोंडे पाहिले, दरडींमधली माती हातात घेऊन चुरगाळली. मग सनव्बरच्या अंगणात तक्तावर, त्या लाकडी बैठकीवर, बसून हिरवा चहा पिता पिता म्हणाली, "मुअल्लिमा, गावात खरी सुरक्षित जागा एकच. कबरस्तानाची टेकडी. तुमच्या पणजोबांना कळत होतं. मेलेल्यांना त्यांनी उंचावर ठेवलं आणि स्वतः खाली ओढ्यात येऊन राहिले."

सनव्बर हसली खरी, पण हे प्रकरण सोपं नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

चायखान्यात सभा भरली. सनव्बरनं बेत समजावून सांगितला. ओढ्याच्या वळणावर तारेच्या जाळ्यांत दगड भरून बांध घालायचा. वरच्या कुरणातल्या मेंढपाळांकडे फोन राहील. डोंगरात पाऊस कोसळला की ते कळवतील. शाळेच्या छपरावर हातानं फिरवायचा भोंगा बसवायचा. आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून कबरस्तानाच्या टेकडीवर जायचं.

चहाचे प्याले खाली ठेवल्याचे आवाज आले.

नियोज बोबो गावातले सगळ्यांत वडीलधारे. नमाज तेच पढवायचे, भांडणंही तेच मिटवायचे. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मुअल्लिमा, मला नीट ऐकू आलं ना? गावातल्या बायका कबरस्तानात जाणार? आपल्यात बाई मयतीलासुद्धा तिथं जात नाही."

"बोबो, जीव वाचवायला जायचंय. सहलीला नाही."

"आणि त्यांच्यामागून गाई-शेळ्या जाणार. गाय काय पाटी वाचून चालते? माझ्या बापाच्या छातीवर शेण पडलेलं मी बघायचं का?"

"तुमच्या वडिलांनी रागावून उठून बसावं असं त्यात काही नाही," मागून कुणीतरी बाई पुटपुटली. दोघी-तिघी खुदकन हसल्या आणि बोबोंचा चेहरा लाल झाला.

तिथंच सभा बिघडली. म्हातारे एका सुरात बोलू लागले. एकानं म्हटलं, हे शहरातल्या मुलीचं खूळ आहे. दुसऱ्यानं म्हटलं, असं असेल तर आम्हाला तो भोंगा नको आणि ती समितीही नको. बांधासाठी लागणारा ट्रॅक्टर ज्याच्याकडे होता, तो बोबोंचा पुतण्या टोपी डोक्यावर घालून उठायच्या बेतात होता. सनव्बरनं ते पाहिलं. सगळंच हातातून निसटायला आलं होतं. वर्गात गोंधळ झाला की फळ्यावर डस्टर आपटायची तिला सवय. इथं आपटायला काही नव्हतं.

"मग शाळेचं पटांगण?" ती म्हणाली. "भिंत पक्की आहे, फाटक आहे. जमायला सोपं."

बोबोंनी मान हलवली. "हे शहाणपणाचं बोललीस, पोरी. पटांगणाला कुणाची ना नाही."

पुतण्या खाली बसला. चहा पुन्हा ओतला गेला.

संध्याकाळी मुनीरानं सामान बांधता बांधता एवढंच म्हटलं, "पटांगण वळणाच्या समोर येतं, मुअल्लिमा. नेहमीच्या लोंढ्याला चालेल. मोठा आला तर नाही चालणार."

"बांध असेल ना."

"बांध तेवढ्यासाठी पुरेल, असं मी लिहून देणार नाही."

"मुली, मी आज कबरस्तान धरून बसले असते, तर उद्या ना बांध ना भोंगा. काहीच नसण्यापेक्षा हे बरं. पुढे हळूहळू वळवीन त्यांना."

मुनीरानं बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली, "लवकर वळवा."

पुढचं वर्ष कामात गेलं, आणि ते वर्ष सनव्बरच्या आयुष्यातल्या चांगल्या वर्षांपैकी होतं. बांधासाठी सगळं गाव श्रमदानाला उतरलं. बायकांनी साखळी करून दगड वाहिले, बोबोंचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन रोज आला, मोठ्या कढईत ओश शिजला. शिजलेल्या भाताचा आणि गाजराचा वास ओढ्यापर्यंत यायचा आणि लोक दगड टाकून आधी जेवायला पळायचे. उतारावर अक्रोडाची आणि विलोची रोपं लावली. बांध उभा राहिला तेव्हा सनव्बर रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारायची. "नातवाला बघायला जावं तशी जातेस," सवरीमो म्हणायची.

कबरस्तानाचा विषय काढायला मात्र तिला वेळ सापडला नाही. आधी रमजान आला, मग बोबोंच्या घरचं लग्न. मग जर्दाळू उतरवायचे दिवस. गाव गुण्यागोविंदानं काम करतंय, त्यात आपण होऊन खडा कशाला टाका, असं ती स्वतःला सांगत राहिली. शिवाय सराव छान होत होता. भोंगा वाजला की पोरं हसत-खिदळत पटांगणात गोळा व्हायची आणि म्हाताऱ्या बाया वाटेत थांबून एकमेकींची विचारपूस करायच्या.

सवरीमोला तिनं फाटकावर नेमलं होतं. काम सोपं होतं. हातात लाल फडकं धरून फाटकात उभं राहायचं, कुठल्या घरची किती माणसं आत आली ते मोजायचं, आणि सगळी येईपर्यंत हलायचं नाही. सनव्बरनं ते काम तिलाच दिलं, कारण दुसरी कुणीही मध्येच गप्पा मारायला सरकली असती.

"आणि तू?" सवरीमोनं विचारलं.

"मी वरच्या वाडीत जाणार, घराघरांतून माणसं बाहेर काढायला. ती लोकं भोंग्याला दाद देत नाहीत."

"म्हणजे सगळ्यांत शेवटी तू येणार."

"हो. मी आले की फाटक लाव आणि सुट्टी."

"झालं तर. तू येईपर्यंत मी आहेच."

मे महिन्यातला रविवार होता. गावात ऊन होतं, पण डोंगरमाथ्यावर आभाळ शिशासारखं दाटलेलं. दुपारची भांडी घासून होताहेत तोच मेंढपाळाचा फोन आला. तो बोलत नव्हता, ओरडत होता. "मुअल्लिमा, इथं आभाळ फाटलंय! कडा सुटलाय! पळा!"

भोंगा वाजला. सनव्बर चपला अडकवून वरच्या वाडीकडे धावली. जाता जाता तिनं सवरीमोच्या अंगणात पाहिलं. सवरीमो कणकेचे हात फडक्याला पुसत निघालीच होती. "जाते गं!" म्हणाली. तंदूर तसाच पेटलेला.

वरच्या वाडीत तिनं दारं बडवली. एका म्हाताऱ्याला झोपेतून उठवलं. एक बाई गाय सोडवायला परत वळली, तिला दंडाला धरून ओढत आणलं. खाली जायची वाट ओढ्याच्या काठानंच होती, आणि तिथं पोचल्यावर सनव्बरला कळलं, की आता या वाटेनं जाता येणार नाही. ओढ्यातलं पाणी गेलं होतं. पात्र कोरडं पडलं होतं आणि कुठून तरी वरून, दात खाल्ल्यासारखा, घरघर आवाज येत होता. वर कुठेतरी ओढा तुंबला होता. वर्गात तिनं हे मुलांना शिकवलं होतं. पाणी अचानक थांबलं तर ते येणारच नाही असं समजू नका, असं.

"खाली नको," ती म्हणाली. "आडव्या वाटेनं चला. टेकडीकडे."

ती आडवी वाट कबरस्तानाच्या मागच्या अंगाला निघायची. वरच्या वाडीतली माणसं घेऊन ती टेकडीच्या खांद्यावर आली आणि थबकली. कबरस्तान माणसांनी भरलं होतं. बायका, कडेवर पोरं, शेळ्या, कुणाच्या हातात कोंबडी. मध्यभागी, आपल्या वडिलांच्या कबरीच्या कठड्याला टेकून, नियोज बोबो उभे होते आणि काठी उंचावून आणखी माणसांना वर बोलावत होते. त्यांचं घर ओढ्याला लागून. पात्र कोरडं पडलेलं त्यांनीच आधी पाहिलं होतं. "पटांगण सोडा! वर या! वर या!" त्यांचा घोगरा आवाज चिरत होता.

सनव्बरनं खाली पाहिलं. पटांगण रिकामं होतं. फाटकात एक लाल फडकं हलत होतं.

"सवरीमो का नाही आली?" तिनं विचारलं.

"आम्ही ओढली तिला, मुअल्लिमा," एक सून रडत म्हणाली. "पोरांना तिनंच वर पिटाळलं. म्हणाली, वरच्या वाडीतली मोजून झाली नाहीत. सनव्बर आली की येते."

"सवरीमोऽऽ!" सनव्बर ओरडली. इतक्या जोरानं ती आयुष्यात ओरडली नव्हती. "मी इथं आहे! इथं वर!"

सवरीमोनं मान वळवली की नाही, हे सनव्बरला पुढेही नक्की सांगता आलं नाही. कधी वाटायचं वळवली होती. त्याच वेळी वळणावर लोंढा आला. काळा, उंच, वरती अख्खी झाडं घेऊन. जाळ्यांच्या बांधावर तो क्षणभर अडला. बांधानं त्याचा मोठा भाग रोखला, खालच्या घरांकडे जाऊ दिला नाही. हे नंतर आलेल्या सगळ्यांनी सांगितलं. पण जे अडलं ते उसळून समोरच्या बाजूला गेलं. समोर शाळा होती. पटांगणाची पक्की भिंत एका बाजूनं फुटली आणि तीन बाजूंनी तशीच राहिली. पटांगण हौदासारखं भरलं.

टेकडीवर एक पोर "आई, शाळा" एवढंच म्हणालं.

त्या संध्याकाळपर्यंत गावातल्या बायका कबरींमध्येच बसून राहिल्या. त्यांना तिथून उठवावंसं कुणाला वाटलं नाही. शेळ्या कबरींवरचं गवत खात होत्या आणि नियोज बोबो त्यांच्याकडे बघत होते, हाकलत नव्हते.

सवरीमो दुसऱ्या दिवशी सापडली, भिंतीच्या कोपऱ्यात. पुरुष तिला वर घेऊन गेले, आणि रिवाजाप्रमाणे बायका खालीच थांबल्या. आदल्या दिवशी जिथं सनव्बर तास न् तास बसली होती, तिथं आज तिला जाता येत नव्हतं. शोकाचे निळे कपडे घालून ती सवरीमोच्या अंगणात बसली. तंदूरच्या आत चिकटलेल्या रोट्या जळून कोळसा झाल्या होत्या. त्या तिनं एकेक करून खरवडून काढल्या.

जिल्ह्याचे साहेब आले. घरं पाहिली, बांध पाहिला, हातात हात घेतले. "एवढा मोठा लोंढा आणि फक्त एक बळी," ते म्हणाले. "मुअल्लिमा, हा तर चमत्कार म्हणायचा. तुमचं गाव आम्ही सगळ्यांना उदाहरण म्हणून दाखवणार आहोत."

सनव्बरला त्यातला "एक" तेवढा ऐकू आला. ती म्हणाली, "चहा घ्या." आणि आत जाऊन किटली हातात धरून उभीच राहिली. चहा बाहेर न्यायचा आहे हे ती विसरून गेली होती.

सातव्या दिवसाची दुआ झाल्यावर नियोज बोबो तिच्याकडे आले. तक्तावर बसले, पण चहाला शिवले नाहीत.

"दोष माझा आहे, पोरी. सगळ्यांसमोर तसं सांगतो. त्या दिवशी चायखान्यात मी तोंड उघडलं नसतं, तर ती बाई आज जिवंत असती. आणि बघ, पळायची वेळ आली तेव्हा मीच सगळ्यांत आधी बापाच्या कबरीवर जाऊन उभा राहिलो."

हे सगळं त्यांच्या अंगावर टाकून मोकळं होता आलं असतं. म्हातारा तर स्वतःहून घ्यायला आला होता. सनव्बरला तो मोह झाला, आणि झाला याचीच तिला लाज वाटली.

"तुम्ही बोललात, बोबो," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी नमतं घेतलं."

"तू गावासाठी घेतलंस."

"तेव्हा गावासाठी घेतलं. पण नंतर अख्खं वर्ष होतं. तुमच्या दारावरून रोज बांध बघायला जात होते मी. एकदाही आत येऊन म्हटलं नाही, की बोबो, पुन्हा जरा विचार करा. भांडण नको होतं मला. सगळे हसून बोलत होते, तेच गोड लागत होतं."

बोबोंनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "आली असतीस तर मी ऐकलं असतं की नाही, तेही मला आता सांगता येत नाही. हेच वाईट आहे."

हिकमत विमानाचं तिकीट मिळेल तसा आला, मुलाला रजा मिळाली नाही. दफन होऊन बरेच दिवस झाले होते. सनव्बरनं त्याच्यासमोर काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं. तो शिव्या देईल, निदान पाठ फिरवील, अशी तिची तयारी होती. पण तो त्या बुटक्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला आणि नेहमीसारखा म्हणाला, "आपा, बरी आहेस ना?"

ती घोकलेलं सगळं विसरली. "हिकमत, तिला तिथं मी उभं केलं होतं."

"माहीत आहे. फोनवर सांगायची ना. आज सराव झाला, आज मी एवढी माणसं मोजली, सनव्बरनं सगळ्यांत अवघड काम मला दिलंय." तो थोडा हसला. "इतक्या वर्षांत मी तिला कधी असलं काही दिलं नाही. घर सांभाळ, पोरं सांभाळ, एवढंच. खूप खूश होती, आपा."

"मी तिला सांगायला हवं होतं, की पाणी दिसलं तर सोडून दे, पळ. तेवढं एक वाक्य. सांगितलं असतं तर तिनं तेही तसंच केलं असतं."

हिकमतनं मान खाली घातली. तसंच केलं असतं, यात त्यालाही शंका नव्हती. "नको असं बोलू," तो म्हणाला. तो रागावला असता तर सनव्बरला सोपं गेलं असतं.

त्या उन्हाळ्यात तो रशियाला परत गेला नाही. टेकडीवर जायला त्यानं दगडी पायऱ्या घातल्या, कबरींच्या कडेकडेनं, कुणाच्या उशा-पायथ्याला धक्का लागणार नाही अशा. ज्यांच्या घरची माणसं तिथं झोपली होती, त्या घरांना बोबो स्वतः जाऊन भेटले. एकानंही नाही म्हटलं नाही. मुनीरा आली, पायऱ्यांवरून वर-खाली चढली, आणि शाळेपाशी आल्यावर तिचे डोळे भरले. "मी जास्त जोर द्यायला हवा होता," ती म्हणाली. तेव्हा सनव्बरच्या लक्षात आलं, की ही मुलगीही हे ओझं घेऊन शहरात राहतेय. सनव्बरनं तिला जवळ घेतलं.

नव्या बेतात सनव्बरनं एक गोष्ट बदलली. कुणीही, कुणासाठीही, खाली थांबायचं नाही.

"मग माणसं मोजायची कोणी?" सभेत एकीनं विचारलं.

"वर पोचल्यावर."

"आणि एखादं कमी भरलं तर?"

सनव्बर एवढंच म्हणाली, "तर एकच कमी भरेल. दोन नाही."

साहेबांनी म्हटल्याप्रमाणे बोदोमदरा उदाहरण झालं. आसपासच्या गावांत तयारी समजावून सांगायला सनव्बरला बोलावणी येऊ लागली. शरद ऋतूत ती खालच्या अंगाच्या एका गावात गेली. लोक अगत्यशील होते. दस्तरखान मांडला, ताज्या रोट्या, द्राक्षं, मटणाचा वाफाळता रस्सा, शूर्बो. सगळं त्यांना पटत होतं. बांध पटला, भोंगा पटला. जमायची जागा मात्र त्यांनी ठरवून ठेवली होती: ओढ्याकाठचा नवा लग्नाचा हॉल. गावच्या प्रमुखानंच बांधला होता, आणि वरची मोकळी जागा त्याच्या भावाच्या बागेत येत होती.

"हॉल पक्का आहे, मुअल्लिमा," प्रमुख म्हणाला. "खुर्च्या आहेत, छप्पर आहे. माणसं आरामात बसतील."

"हॉल नाही चालणार."

"आजच्यापुरतं लिहून टाकू. बागेचं पुढे हळूहळू बघता येईल. भाऊ जरा तापट आहे."

सनव्बरनं हातातली रोटी खाली ठेवली. "पुढे नाही. बाग द्या, नाहीतर माझं नाव त्या कागदावर घालू नका."

"बाई, आम्ही तुम्हाला पाहुण्या म्हणून बोलावलंय," प्रमुखाचा आवाज चढला. "आमच्या घरात येऊन आमच्या भावाभावांत लावालावी करता?"

"लावालावी म्हणा, काहीही म्हणा. त्या हॉलमध्ये माणसं जमवलीत तर तुम्ही त्यांना मरायलाच गोळा कराल."

हे शब्द तिनं इतके कठोर काढायला नको होते. एक म्हातारी "तौबा, तौबा" म्हणत उठून गेली. प्रमुखानं सनव्बरला गाडीपर्यंत पोचवलं, पण हात छातीवर ठेवून निरोप दिला नाही. बांध, भोंगा, समिती, सगळंच तिथं बारगळलं. गाडीत बसल्यावर तिला कळत होतं, की या गावात आता काहीच नाही. बोदोमदऱ्यात निदान बांध तरी होता, आणि बांधानं घरं वाचवली होती. नमतं घेतलं तर असं, नाही घेतलं तर तसं. वाटेत तिनं ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवायला सांगितली आणि दोन्ही वेळा "काही नाही, चल" म्हणाली.

घरी आली तेव्हा हिकमत पलीकडे अंगणात लाकडं फोडत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"पुन्हा जाशील?" त्यानं विचारलं.

"उभं करणार नाहीत दारात."

"बोबोंना घेऊन जा. म्हाताऱ्याला दारातून परत पाठवायची हिंमत नाही व्हायची त्यांची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोबोंकडे गेली. त्यांचे गुडघे दुखत होते आणि प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "माझा चांगला चापान काढ गं, बाहेर जायचा तो झगा. आणि गाडीत टेकायला उशी दे."